दुकान वाढवणे

मराठी भाषेत काही क्रियांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारीत नाहीत. देवापुढे नारळ फोडला असे आपण म्हणत नाही, वाढवला म्हणतो. हातातली बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणतो. आणि रात्री फळ्या लावून, दिवा मालवून व्यापारी घरी निघाला म्हणजे त्याने दुकान वाढवले, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. बंद केले हा शब्द त्यांच्या जिभेला रुचत नसे. अशुभाचा उच्चार टाळावा एवढाच या संकेताचा हेतू, असे कोशकार सांगतील, आणि ते खरेही आहे. रोज रात्री वाढवलेले दुकान रोज सकाळी उघडते, तेव्हा त्या शब्दात खोटेपणाही काही नाही. परंतु जे दुकान उद्या सकाळी उघडायचेच नाही, जे कायमचे मिटले, त्याच्या मालकानेही आपण दुकान वाढवले असे म्हणावे काय? म्हटले तर ती केवळ स्वतःची समजूत ठरेल, की त्यात काही सत्यही असू शकेल? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. बीदर शहरातून औरादच्या रस्त्याने मांजरा नदीकडे निघाले म्हणजे जनवाडा लागते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत या भागातील सीमा हलल्या, पण घराघरांतील बोली हलल्या नाहीत. एकाच चहाच्या टपरीवर मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एका दमात ऐकू येतात. अशा गावच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे आणि तीत मागणीबरहुकूम मोटारी बांधून देणारा एक कारागीर आहे, असे समजा. त्याचा आरंभ घरच्या परसात झाला. भंगारातून आणलेली एक जुनी जीप दोन वर्षे खपून त्याने उभी केली. ती लोकांनी पाहिली. एकाने म्हटले, मला अशीच पाहिजे, दुसऱ्याने म्हटले, मला याहून रुंद टायरांची पाहिजे. परसातून शेड झाली, शेडीवर नाव चढले, हाताखाली तीन मुले आली. दहा वर्षे अशी गेल्यावर एके दिवशी त्याने नाव उतरवले, शेड मालकाच्या हवाली केली, आणि पुन्हा परसात एकच गाडी घेऊन तो बसला. या गाडीला गिऱ्हाईक नाही, मुदत नाही, किंमतही नाही. गाव मात्र एका शब्दात निकाल देते: बुडाला. गावाचा हा निकाल बरोबर आहे काय?

हा कारागीर आमच्या कल्पनेतला असला तरी त्याची अवस्था कल्पनेतली नाही. छापखाना मिटवून घरी हाताने पुस्तके बांधणारे, पेटी दुरुस्तीचे दुकान आवरून एकटेच सूर जुळवीत बसणारे, छायाचित्रांचा स्टुडिओ विकून पुन्हा डोंगरात पक्ष्यांच्या मागे फिरणारे लोक आमच्या वाचकांच्या ओळखीत निश्चित असतील. त्यांच्याविषयी बोलताना आपला आवाज नकळत खाली जातो, कारण आपल्याकडे कथा सांगितली जाते ती नेहमी चढणीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभला, पुढे नांगर घडवले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकावी अशीच आहे. पण तिच्यावरून आपण एक चुकीचा नियम काढून बसलो आहोत: छंदाचा धंदा झाला पाहिजे, धंद्याचा कारखाना झाला पाहिजे, आणि जो उलट्या दिशेने निघाला तो हरला. चढून गेलेला माणूस आपण ओळखतो. विचारपूर्वक खाली उतरलेल्या माणसासाठी आपल्यापाशी शब्द नाही.

तो खाली का उतरतो हे प्रथम नीट पाहिले पाहिजे, कारण केवळ आळसाने किंवा कंटाळ्याने दुकान मिटवणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. मागणीबरहुकूम गाडी बांधण्याच्या व्यवसायात एक मूळचीच अडचण आहे: दर आधी बोलला जातो आणि काम नंतर दिसते. शिंपी अंगाचे माप घेऊन कापडाचा हिशेब सांगू शकतो. येथे रंग खरवडल्याशिवाय खालचा गंज दिसत नाही, आणि चॅसिस सरळ आहे की वाकलेली हे गाडी पूर्ण उघडल्यावरच कळते. प्रत्येक गाडी पहिलीच असते. मागच्या गाडीवर शिकलेले पुढच्या गाडीवर अर्धेच उपयोगी पडते. त्यातच तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाइकाचे मन बदलते आणि त्याला रंग, आसने, दिवे सर्वच निराळे हवे असते. मग एक सापळा आपोआप तयार होतो. नव्या गिऱ्हाइकाचा विसार येतो, आणि त्या पैशातून मागच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा गिअरबॉक्स घेतला जातो. याचे काम त्याच्या पैशावर, त्याचे काम तिसऱ्याच्या पैशावर, असे चक्र फिरत राहते. ते फिरत आहे तोवर दुकान भरभराटीत असल्याचा भास होतो, आणि नवा विसार येणे थांबले की सर्व गाड्या एकदम अर्धवट पडतात. या सगळ्यात मालकाचा हात हत्यारावरून उठून फोनवर जातो. ज्याला वेल्डिंगची ठिणगी पाहून आनंद होत असे, त्याने ते काम मुलांवर सोपवलेले असते, आणि तो स्वतः दिवसभर लोकांना पुढच्या आठवड्याचे वायदे देत असतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी-पुस्तकातील तपशील जुळणार नाही असा फेरबदल वाहनात करता येत नाही. इंधन बदलण्यासारखे किंवा दिव्यांगांच्या सोयीसाठी करावयाचे काही बदल परवानगीने करता येतात, इतकेच. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा फेरबदलासाठी निराळी शिक्षा ठरवून दिली. नवीनच वाहन घडवायचे तर त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एकेक गाडी बांधणाऱ्याच्या आवाक्यातला नसतो. या कायद्यावर चिडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. रस्ता हा सर्वांचा आहे. आपल्या हौसेने लांबवलेला आस किंवा कापलेली चॅसिस रस्त्यात तुटली तर मरणारा माणूस बहुधा दुसराच असतो. तेव्हा ज्या कारागिराने हे ओळखून काम थांबवले त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही.

येथे एक सोपे उत्तर पुढे येते, आणि ते आमच्या धार्मिक वाचकांना विशेष गोड वाटण्याचा संभव आहे. ते असे की, पैसा शिरला म्हणून प्रेम आटले. कलेला बाजार शिवला की ती विटाळते. म्हणून दुकान गेले ते बरेच झाले. हे उत्तर आम्हांस मान्य नाही, आणि ते खोडून काढण्यासाठी बीदरच्या बाहेरही जावे लागत नाही. बिदरी कामाची भांडी घडवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या विक्रीवरच जगत आले आहेत. जस्त साधारण १६ भाग आणि तांबे १ भाग असा रस ओतायचा, ओतीव भांड्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या जागेची माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात भांडे बुडवायचे, म्हणजे जस्ताची भुई काळी होते व चांदी पांढरीच राहते. हे सर्व बाजारासाठीच चालते, तरी त्यातील निष्ठा कमी झालेली नाही. २०२३ साली याच कलेसाठी शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. याच जिल्ह्यातील कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आणि त्यांच्याभोवतीच्या शरणांनी ‘कायक’ हा विचार मांडला. स्वतःच्या श्रमाने मिळवणे हीच पूजा, आणि मिळवलेले वाटून खाणे हा तिचा प्रसाद, असा त्याचा सारांश सांगता येईल. दोरखंड वळणारे, होडी चालवणारे, चामडे कमावणारे असे सगळे त्या मंडळीत होते, आणि कोणालाही धंदा सोडून देवाकडे यावे लागले नाही.

मग बिघडते ते काय? त्याच शरणांच्या परंपरेतील एक कथा याचे उत्तर देते असे आम्हांस वाटते. आयदक्कि मारय्य नावाचे शरण अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावर संसार व अतिथींची पंगत चालवीत. एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ पडलेले दिसले. त्यांनी ते सर्व आणले. त्यांची पत्नी लक्कम्मा हिने गाठोडे पाहिले आणि सांगितले की, जास्तीचे जिथून आणले तिथे नेऊन टाका. तांदूळ चोरीचे नव्हते, भ्रष्ट नव्हते, आणि गरिबाच्या घरी त्यांचा उपयोगही झाला असता. लक्कम्मेचा आक्षेप तांदळाला नव्हता, माप हरपण्याला होता. रोजच्या कामाचे जे माप ठरले होते ते बाहेरून कोणी बदलले, आणि तिच्या पतीने ते बदलू दिले, हे तिला खटकले. आमच्या कारागिराची गोष्ट हीच आहे. पहिली गाडी पूर्ण झाली की नाही हे गाडीनेच त्याला सांगितले होते. दहाव्या गाडीच्या वेळी ते भाड्याची तारीख सांगू लागली. त्याने पैसा घेतला हा त्याचा दोष नव्हे. काम केव्हा पुरे झाले हे ठरवण्याची सत्ता त्याच्या हातून हळूहळू निसटली, ही त्याची हानी होती. माप परत हाती घेण्यासाठी जो दुकान मिटवतो, तो लक्कम्मेच्या सांगण्याप्रमाणे जास्तीचे तांदूळ परत ठेवीत आहे, आणि त्याला बुडाला म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु येथवर येऊन थांबलो तर आम्ही त्याची वकिली केली असे होईल, विचार केला असे होणार नाही. गाठोडे परत करताना त्यात दुसऱ्याचे तांदूळ किती आहेत हेही मोजले पाहिजे. दुकान ही एकट्याची वस्तू नसते. ज्यांनी विसार दिला ते गिऱ्हाईक आहेत. ज्यांनी पत्रा, रंग, टायर उधारीवर दिले ते व्यापारी आहेत. ज्यांनी शाळा सोडून हे काम शिकण्यात उमेदीची वर्षे घातली ती मुले आहेत. आणि जिच्या दागिन्यांवर शेड उभी राहिली ती घरधनीण आहे. मनाची शांती मिळवण्यासाठी यांच्या हक्कावरून चालत जाणाऱ्या माणसाला विरक्त म्हणता येईल काय?

आपल्या संतकथांनी याचे उत्तर फार सावधपणे दिले आहे. आपण त्या कथा केवळ भावनेने ऐकतो म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना मोकळी केली. कीर्तनात येथे श्रोत्यांचे डोळे भरून येतात. पण कथा येथे संपत नाही. विठोबा स्वतः विठूचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी जातो आणि त्या धान्याची रक्कम भरून पावती घेतो. दया झाली म्हणून देणे माफ झाले, असे कथाकाराने लिहिले नाही. बादशहा परधर्मी, जुलमी, श्रीमंत. त्याचे बुडाले असते तर श्रोत्यांपैकी कोणाला वाईट वाटले नसते. तरीही देवाला त्या कथेत हिशेब चुकता करावा लागला. म्हणजे, सत्कर्मासाठी देखील दुसऱ्याचे देणे बुडवू नये, इतका हा आपल्या परंपरेचा कटाक्ष आहे. आमच्या कारागिराच्या शेडीत अर्धवट पडलेली प्रत्येक गाडी हे असे कोठार आहे. ती पुरी करून द्यावी, नाहीतर विसार परत करावा. आणि एकदम शक्य नसेल तर मुदती बांधून, लेखी कबूल करून, शेवटच्या रुपयापर्यंत फेडावा. विठू येऊन भरील या भरवशावर दुकान मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी कथा देहूची. तुकोबांच्या घरी वाणसामानाचे दुकान आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारच्या भीषण दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बसला, आणि पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंपरा त्या प्रसंगाचा आणखी एक तपशील सांगते, तो मात्र पुष्कळदा वगळला जातो. सर्व खते त्यांनी बुडवली नाहीत. निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिली, आणि आपल्या वाटणीची तेवढी पाण्यात सोडली. जगातील सर्वांत प्रसिद्ध अशा या दुकान मिटवण्याच्या प्रसंगी वाटणी अगोदर झाली आहे आणि त्याग नंतर झाला आहे. भावाच्या वाट्यावर उदार होणे हे तुकोबांनी औदार्य मानले नाही. ही रेषा आम्हांस फार मोलाची वाटते. आपले येणे आपण सोडू शकतो. दुसऱ्याचे येणे आपण सोडू शकत नाही. कारागिराने स्वतःचा नफा सोडावा, नाव सोडावे, शेडीवरचा फलक सोडावा. पण हाताखालच्या मुलाचा राहिलेला पगार, त्याला अर्धेच शिकवलेले काम, पत्नीच्या दागिन्यांचा शब्द, हे कान्होबांच्या वाटणीचे कागद आहेत. मुलांना दुसऱ्या गॅरेजात लावून द्यावे, डेंटिंग-पेंटिंगपैकी एखादे काम तरी त्यांच्या हाती पक्के बसवावे, आणि मगच फळी लावावी.

एवढे सगळे झाल्यावर तो परसात येऊन बसला, असे धरू. आता त्याला कोण काय विचारणार? येथेच दुसरी, आणि आमच्या मते अधिक सूक्ष्म, अडचण सुरू होते. बाजाराने त्याला त्रास दिला हे खरे, पण बाजाराने त्याला एक गोष्ट दिलीही होती: जाब विचारणारा माणूस. गिऱ्हाईक चाकाखाली वाकून पाहत असे, दार लावून आवाज ऐकत असे, रंगावरचा फुगा बोटाने दाखवीत असे. छंदात हा माणूस नाहीसा होतो. मग अर्धवट काम तसेच पडून राहते, ‘चालेल’ हा शब्द तोंडी बसतो, आणि मुक्त झालेला कारागीर पाहता पाहता केवळ वेळ घालवणारा माणूस होतो.

छंद हा शब्दच येथे आपणांस सावध करतो. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, आणि छंदस् म्हणजे वृत्तही. कवीला वृत्त कोणी लादलेले नसते. त्याच्या कवितेला मुदत नसते, बहुधा मोबदलाही नसतो. पण एकदा वृत्त घेतले की एक मात्रा कमी पडली तरी कान ती पकडतो, आणि प्रथम पकडतो तो कवीचाच कान. परसातल्या कामालाही असेच वृत्त असावे लागते. आसनाखालचा जो सांधा कोणालाही दिसणार नाही तोही पुरा वेल्ड करणे, ब्रेक आपल्या मुलाला बसवून चालवता येईल इतका खात्रीचा करणे, आणि जी गाडी रस्त्यावर आणण्यास कायद्याची मान्यता नाही ती रस्त्यावर न आणणे, हे ते वृत्त होय. कायद्याने छंदाला काही वाटा मोकळ्याही ठेवल्या आहेत. २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची निराळी नोंद होते; अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नसते, पण प्रदर्शनाला नेता येते. ज्याने दहा वर्षे गाड्या बदलण्यात घालवली, त्याने एक गाडी मूळची जशी होती तशी परत उभी करावी, यात शिक्षेपेक्षा शिक्षणच अधिक आहे.

असे काम करणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत आणि आहेतही. कोल्हापूर जिल्ह्यातील शंकरराव कुलकर्णी यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसताना १९४९ च्या सुमारास स्वतःची छोटी मोटार बनवली, आणि पुढे १९७० नंतरपर्यंत ते ‘मीरा’ या नावाची ही गाडी सुधारीत राहिले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार व्हावी हा त्यांचा ध्यास होता. तिचा कारखाना कधीच उभा राहिला नाही; व्यापारी अर्थाने तो प्रयत्न फसला असेच म्हणावे लागेल. तथापि त्यांनी दोन-अडीच दशकांत केलेली एकेक सुधारणा ही बाजाराच्या सक्तीने झालेली नव्हती. अलीकडे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांतून, दुचाकीसारखी पायाने चालू होणारी एक लहानशी जीप मुलासाठी तयार केली. ती नियमांत बसणारी नव्हती. महिंद्र उद्योगसमूहाचे आनंद महिंद्र यांनी ते स्पष्ट म्हटले, आणि तरीही कारागिरीचा मान म्हणून जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो देण्यात आली. नियम आणि आदर ही दोन्ही एकाच वेळी पाळता येतात, हे त्या व्यवहारात दिसले. परदेशातील उदाहरणही उद्बोधक आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हौसेने आपली पहिली गाडी बांधली. त्यातून लोटस हा कारखाना निघाला, आणि १९५७ च्या त्यांच्या ‘सेव्हन’ या गाडीचे सुटे भाग घरी नेऊन हजारो हौशी लोकांनी स्वतःच्या गाड्या जोडल्या. आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने त्याच धर्तीची गाडी अँबॅसडरमध्ये बसणाऱ्या इसुझू इंजिनावर उभी केली होती. म्हणजे परस आणि कारखाना यांच्यामधली वाट एकेरी नाही. तिच्यावर दोन्ही बाजूंनी माणसे ये-जा करीत असतात.

कोणी म्हणेल, हा विचार पोट भरलेल्याचा आहे. ज्याच्या घरी दोन लेकरे आणि म्हातारे आईबाप आहेत, त्याला परसात विनामोल गाडी बांधीत बसण्याची चैन कोठली? आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही बाजूला सारणार नाही. गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार मानला आहे, तो याचसाठी. तेव्हा दुकान मिटवणाऱ्याने दुसरी मिळकत अगोदर पाहिली पाहिजे: कोणाच्या गॅरेजात पगारी फिटर व्हावे, शेती असेल तर ती पाहावी, ट्रॅक्टरची दुरुस्ती करावी. आठवड्यातील सहा दिवस पोटाचे आणि सातवा परसाचा, असे झाले तरी त्यात कमीपणा नाही. उलट, हाताला आवडणाऱ्या कामावरून पोटाचे ओझे उतरले म्हणजे दोन्हींना मोकळा श्वास मिळतो. मात्र सातव्या दिवसाच्या आनंदासाठी सहा दिवसांचे अन्न तोडणारा माणूस आमच्या सहानुभूतीस पात्र नाही.

आता एक शब्द आमच्या वाचकांसाठी, कारण या प्रश्नात केवळ कारागिराचीच परीक्षा नसते, शेजाऱ्यांचीही असते. ज्याने सर्वांचे देणे फेडून फळी लावली त्याला सणासमारंभात ‘सध्या काय करता?’ असे खोचकपणे विचारू नये. त्याची जी रक्कम आपल्याकडे राहिली असेल ती, दुकान उठले आता कोण मागणार असे समजून दाबून ठेवू नये. मिटलेल्या दुकानाची उधारी बुडवणे हे चालू दुकानाची बुडवण्याहून हीन आहे. आणि ‘आता तुम्ही रिकामेच आहात, आमची गाडी जरा पाहून द्या’ असे म्हणून त्याच्या सातव्या दिवसावर धाड घालू नये. देवळातील रथ ओढण्याच्या वेळी मात्र त्याला अवश्य बोलवावे. रथाचा आस आणि चाक पाहण्यास त्याच्या हाताइतका जाणता हात गावात दुसरा नसेल, आणि ही सेवा त्याच्या वृत्तात बसणारी आहे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पाना, हातोडी, कानस, वेल्डिंगचा काच, सर्व पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचे फूल ठेवतात. त्या दिवशी या हत्याराने वर्षभरात किती मिळवले असे कोणी विचारीत नाही. हत्यार स्वच्छ आहे का आणि पुढच्या कामाला तयार आहे का, एवढेच पाहिले जाते. दुकान चालवणाऱ्याच्या आणि दुकान मिटवणाऱ्याच्या घरी ही पूजा सारखीच होते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. ज्याने गिऱ्हाइकाचा विसार परत केला, मुलांना मार्गी लावले, घरच्यांची वाटणी त्यांच्या हाती दिली, आणि त्यानंतर कोणी पाहत नसतानाही सांधा पुरा भरला, त्याचे दुकान खरोखर वाढले. जुन्या माणसांचा शब्द त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला. ज्याने यांतील एकही न करता केवळ शांतीसाठी फळी लावली, त्याचे दुकान बंद झाले, इतकेच म्हणता येईल. गावाने निकाल द्यायचाच असेल तर तो शेडीकडे पाहून देऊ नये. थोडे थांबावे, परसात डोकावावे, आणि तिथली गाडी कशी बांधली जात आहे ते पाहून द्यावा.